आधी मिस्त्रीला, मग दुनियेला

माझी गाडी आठ वर्षांत रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. एवढं साधं वाक्य, पण चिखलीतल्या आमच्या गल्लीत ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. उलट तिचा क्लच गेला, बॅटरी बसली, हेड गास्केट उडालं, हे सगळं मीच लोकांना सांगत आलो. तिला काहीएक झालेलं नव्हतं.

मी एका शाळेत बाबू आहे. शिक्षकांच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. लग्नसराईत कोणाला कावीळ होते आणि हरभरा सोंगायच्या दिवसांत कोणाची कंबर धरते, हे मला अर्ज न उघडता कळतं. मी कधी कोणाला हटकलं नाही. मुळात मी कमी बोलतो. पण आजारपण कसं रचायचं ते मी त्या टेबलावर बसून शिकलो, आणि पुढे ते सगळं ज्ञान गाडीच्या नावावर खर्च केलं.

गाडी मिळाली दुसरबीडला. पांढरी, लहान, अकरा वर्षं वापरलेली. मालकाचं रस्त्याकडेला बी-बियाण्याचं दुकान होतं. घरी मोठी गाडी आली होती, म्हणून ही काढायची होती. पाहायला जाताना मी मिस्त्रींना सोबत घेतलं. बाजाराच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्या दुरुस्त करायचे. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, आणि बोटांना तेल असेल तर नमस्कारही कोपरानं करणारे.

दुसरबीडला उतरल्यावर त्यांनी मालकाला रामराम घालण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंडी हाय," ते मला हळूच म्हणाले. "गरम करून ठेवलेली गाडी अन् शिकवून आणलेला साक्षीदार, दोघांवर भरोसा नाही ठेवा लागत."

मग त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं. चिकटलं तिथं पत्रा, घसरलं तिथं पोचा बुजवायला आत लांबीची पुटी भरलेली. एकाच ठिकाणी घसरलं. मॅट उचलून त्यांनी तळाचा गंज नखानं खरवडला. तेलाची काडी काढून वास घेतला. मालकानं चहाचं विचारलं तर म्हणाले, "मागून." काचा खाली करून त्यांनी गाडी स्वतः चालवली आणि मुद्दाम प्रत्येक खड्ड्यातून नेली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरीचं स्थळ पसंत पडल्यासारखा होता.

"घ्या भाऊ. डोळे मिटून घ्या. पण चालवताना उघडे ठेवजा."

घरी बायकोनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी मिस्त्रींना वर काही देऊ लागलो तर त्यांनी हात मागं घेतला. त्यांची एकच अट होती.

"गाडीत काही आवाज आला, वास आला, तर आधी मले सांगजा, मग दुनियेले."

मी हो म्हणालो. मी कोणालाही, कशालाही होच म्हणतो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्या गल्लीत गाड्या आणखीही होत्या, पण त्यांच्या मालकांना नाही म्हणता येत होतं. त्यामुळे सगळ्यांना माझी आठवायची. पहिल्यांदा शेजारचे काका आले. ते निवृत्त तलाठी. सगळ्या गल्लीचा सातबारा त्यांना तोंडपाठ. गाडी नेली जावयाला आणायला, परत आली तेव्हा मागच्या सीटवर सरकी ढेपेचा वास आणि पायाशी सांडलेली ढेप. नंतर कोणी बारशाला नेली, कोणी चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे, कोणी नुसतीच. दरवेळी आरसा वळलेला, सीट पुढं ओढलेली. आपला सदरा कोणीतरी घालून, घाम जिरवून, घडी करून परत दिल्यासारखं वाटायचं. मी चाळिशी उलटून गेल्यावर ही एक वस्तू एकट्याच्या हिमतीनं घेतली होती. ती मला कोणाला द्यायची नव्हती. हे तोंडावर सांगायला एक शब्द पुरला असता. तो माझ्याकडे नव्हता.

काकांच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेवासाठी गाडी हवी म्हणून ते आले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "क्लच प्लेट गेली काका." ते चुकचुकले, गाडीकडे कीव करून पाहिलं आणि गेले. इतकं सोपं होतं.

मग मी दर रविवारी मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. काम असायचंच. कापसाच्या हंगामात एअर फिल्टरमध्ये तंतू आणि धूळ भरायची, ती झटकायची. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावायचं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाकायचं नाही, हिरवं कूलंटच. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधून ठेवायची. दारांच्या खाली पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती पावसाळ्याआधी काडीनं मोकळी करायची, नाहीतर पत्रा आतून सडतो. मिस्त्री हौसेनं शिकवायचे. मी विचारायचो, "या गाडीत साधारण काय काय बिघडू शकतं?" ते एकेक भाग हातात देऊन सांगायचे. फ्युएल पंप, हेड गास्केट, व्हील बेअरिंग. त्यांना वाटायचं, बाबूला शिकायची गोडी आहे. मी पुढच्या मागणाऱ्यासाठी बिघाड जमवत होतो.

चांगली गाडी आजारी ठेवणं सोपं काम नाही. तिचा आवाज गोड होता आणि तो गल्लीला ऐकू जायला नको होता. आमची गल्ली मोठ्या रस्त्याकडे उतरती आहे. रविवारी दुपारी सगळे झोपले की मी कव्हर काढायचो, बायकोला बसवायचो, गाडी न्यूट्रलला टाकून हँडब्रेक सोडायचो. गाडी आपोआप, आवाज न करता उतारावरून घरंगळत खाली जायची. मोठ्या रस्त्याला लागल्यावरच मी स्टार्टर मारायचो. परतताना चढावर आवाज व्हायचाच, पण कोणी विचारलं तर आत्ताच मिस्त्रींकडून आणली म्हणायचो.

"चोर बी एवढी चोरी नाही करत," बायको म्हणायची. "आपलीच गाडी, अन् आपणच पळवून नेऊन राह्यलो."

मी हसण्यावारी न्यायचो. खरी चोरी दुसरीच होती, ती अजून माझ्या लक्षात आली नव्हती.

लोक विचारायचे. "अहो भाऊ, मागच्याच महिन्यात क्लच टाकला होता ना? आता गास्केट? कोणाकडे टाकता गाडी?"

"मिस्त्रींकडेच," मी म्हणायचो. आणि थोडा थांबून उसासा सोडायचो.

मी मिस्त्रींबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. शब्द काढला नाही हे खरं आहे. पण मी न बोलणारा माणूस. न बोलणाऱ्या माणसाच्या उसाशाला आमच्याकडे फार वजन असतं. "तो बाबू कोणाले नाव ठेवत नाही, अन् तो बी उसासा टाकते, म्हणजे पाहा." हे वाक्य मी एकदा केस कापायच्या दुकानात, तोंडाला साबण लावलेला असताना, पडद्यापलीकडून ऐकलं. साबण धुतला आणि घरी आलो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आधी, मी शेडवर गेलो तर समोरचा रस्ता मोकळा होता. पूर्वी तिथं चार-पाच गाड्या नंबर लावून उभ्या असायच्या. मिस्त्री एका स्कूटरचं पंक्चर काढत होते. डोळ्यांवर नवा चष्मा होता.

"भाऊ, एक इचारू?" ते म्हणाले. "माह्या हाताले काही झालं का?"

मी म्हणालो, "काऊन?"

"लोकं म्हणून राह्यले, माह्या हातची गाडी टिकत नाही. कोणची गाडी, ते कोणी सांगत नाही. म्या डोळे तपासून आणले. रोज जुनी कामं आठवतो, कुठं नट ढिला राह्यला असन." मग ते उठले, माझ्या गाडीपाशी आले, बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनवर कान देऊन थोडा वेळ उभे राहिले. "ही एक गाडी पाहून जीव थंडा होते. ही चालते म्हणजे म्या चुकलो नसन. पण एका गाडीवर शेड नाही चालत. दिवाळी झाली का जालन्याले साडभाऊच्या गॅरेजात कामाले जातो. तो ये म्हणते."

तीस वर्षं स्वतःच्या शेडमध्ये उभा राहिलेला माणूस आता दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने उचलून देणार होता. मी हातातला चहा संपवला, कप पाण्यानं धुतला आणि निघालो. तो कप मी का धुतला कोणास ठाऊक, याआधी कधी धुतला नव्हता.

साडेतीन महिने गप्प राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण आता लिहितोच आहे तर पूर्ण लिहितो.

पोळ्यानंतर माझ्या ताईचा फोन आला. ती मोताळ्याकडं, धामणगाव बढेला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न दसऱ्यानंतरच्या काढीव मुहूर्तावर ठरलं होतं, कार्यालय चिखलीतलं. आमच्यात नवरीला मामानं मांडवात न्यायचं असतं. मी म्हणालो, मी गाडी घेऊन येतो, नवरीला मीच आणतो.

"नको रे बाप्पा," ताई म्हणाली. "तुही गाडी घाटात बंद पडली तर मुहूर्त हुकन. आम्ही भाड्याची सांगतली. तू नुसता ये."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, कीव होती. फोन ठेवला आणि त्याच पावली शेडवर गेलो. मिस्त्रींनी अट घातली होती ती आठवत होती. आधी त्यांना, मग दुनियेला.

मी सगळं सांगितलं. क्लच, गास्केट, उतारावरून घरंगळणं, उसासा. ते स्टुलावर बसून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्या डोळे तपासले भाऊ," ते म्हणाले. "घरी हात धरून पाहो, थरथरते का म्हणून. बायकोनं माह्या हातावरून उतारा ओवाळून टाकला."

मी माफी मागू लागलो.

"ते राहू द्या. माफीनं शेडात गाडी येत नाही. ज्या तोंडानं झालं त्याच तोंडानं सांगा, चारचौघांत. अन् नुसतं सांगू नोका. लोकाईले बोलणं नाही पटत, घाट पटते. गच्च माणसं बसवा अन् राजूरचा घाट चढवा."

"तुम्ही चला सोबत."

"मी नाही येत. मी बसलो तर म्हणतीन, मिस्त्री संगं होता म्हणून चढली."

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी गाडी एकदा पाहिली. तेल, बेल्ट, ब्रेक. नवीन काही टाकलं नाही. म्हणाले, जशी हाय तशीच जाऊ द्या. इकडे मी ताईला फोन करून इतकंच म्हणालो, भाड्याच्या गाडीत वऱ्हाडी बसव, नवरी माझ्यासोबत येईल. ती बराच वेळ नको नको म्हणाली. शेवटी भाचीनंच तिच्या हातातून फोन घेतला. "मामा, मी येते तुमच्या गाडीत. पडली बंद तर फोटो तं चांगले येतीन."

आदल्या दिवशी मी बायकोला आणि शेजारच्या काकांना घेऊन धामणगावला गेलो. काकांना मुद्दाम नेलं. गल्लीत बातमी जायची ती त्यांच्याच ओट्यावरून. ते येताना पाण्याचा पाच लिटरचा डबा आणि गाडी ओढायचा नायलॉनचा दोर घेऊन आले होते. जाताना घाट उताराचा, त्यामुळे त्यांना काही सिद्ध झालं असं वाटलं नाही. "उतरते तं दगड बी," ते म्हणाले.

लग्नाच्या सकाळी निघालो. मी चालवतोय, शेजारी काका, मांडीवर डबा, पायाशी दोर. मागं मध्ये नवरी, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला माझी बायको. डिकीत रुखवताच्या दोन पेट्या. राजूर सोडलं, समोर घाट दिसायला लागला. काका म्हणाले, "थांबवा भाऊ, वर चढायच्या आधी पाणी टाकून घेऊ."

मी गाडी बाजूला घेतली. चढून गेल्यावर सांगितलं असतं तर ती नशिबाची गोष्ट झाली असती. आधीच सांगायला हवं होतं.

"पाणी नको काका," मी म्हणालो. "ही गाडी कधीच बंद पडली नाही. एकदाही नाही. मी खोटं बोलत होतो."

मागं नवरीच्या बांगड्या वाजल्या.

"म्हणजे माह्या पोराच्या लग्नात क्लच?" काकांनी विचारलं.

"चांगला होता."

"अन् ते गास्केट?"

"चांगलं होतं."

"मी व्हील बेअरिंगसाठी औरंगाबादले फोन लावून दिला होता तुम्हाले."

"तेही चांगलं होतं काका. मिस्त्रींनी हात लावलेलं काहीच कधी बिघडलं नाही. मला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून मी गाडीला आजारी पाडत होतो. आणि त्यांचं नाव गेलं."

मागं भाचीला आधी हसू फुटलं. तिनं पदर तोंडाशी धरला तरी ते थांबेना. पण ताई हसत नव्हती. आरशात तिचा चेहरा दिसत होता.

"आईच्या वर्षश्राद्धाले तू मले घ्यायले आला नाही," ती म्हणाली. "मी एसटीत उभी राहून आली. पोचली तं पानं उठली होती. तेव्हा?"

त्या आठवड्यात मी नवी सीट कव्हरं घातली होती आणि बाहेर चिखल होता. कारण एवढंच होतं. मी तेही सांगितलं.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. एक केळीचा ट्रक, मग दुसरा, आम्हाला ओलांडून वर गेला. मग ताईनं नवरीच्या कपाळावरची मुंडावळी सरळ केली.

"चढव आता," ती म्हणाली. "अन् बंद पडली नं, तर मामानं नवरीले इथूनच उचलायचं. मांडवापर्यंत."

मी चावी फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन लागलं.

पहिलं वळण दुसऱ्या गिअरवर घेतलं. रस्ता जरा सरळ झाला तेव्हा तिसरा टाकला आणि गाडीनं तो घेतला. मिस्त्री म्हणायचे, चढावर गाडीशी भांडू नका, तिचा दम पाहून चालवा. काका रस्त्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर तापमानाच्या काट्यावर होती, नोकरीत सातबारावर कर्जाचा बोजा चढवताना खातेदाराच्या सहीवर ठेवत असतील तशी. काटा मध्यावर आला आणि तिथं थांबला. मघाचा केळीचा ट्रक एका वळणावर धापा टाकत होता. मी हॉर्न दिला, त्यानं हात काढून जा म्हटलं, आणि पाच माणसं, दोन पेट्या आणि पाच लिटर पाणी घेऊन ती त्याच्या बाजूनं पुढं निघाली. कठड्यावरच्या माकडांनी माना वळवल्या. "मामा, दाबा," भाची म्हणाली. मी दाबलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज पहिल्यांदा पूर्ण, मोकळा, डोंगराला आपटून परत येत होता, आणि माझ्या छातीत काहीतरी तसंच मोकळं होत चाललं होतं.

वर पोचल्यावर काका म्हणाले, "थांबवा." खाली उतरले, डब्याचं झाकण काढलं आणि सगळं पाणी रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. दोर मात्र त्यांनी टाकला नाही. "विकत घेतलेला हाय," म्हणाले.

चिखलीत कार्यालयाच्या फाटकाशी मिस्त्री धुतलेल्या पांढऱ्या शर्टात उभे होते. नवरी उतरली, तिला ओवाळून आत नेलं. मुहूर्ताला अजून वेळ होता. मी डोक्यावर फेटा, खांद्यावर उपरणं अशा अवतारात बॉनेट उघडून उभा राहिलो. गल्लीतलं जे कोणी आलं त्याला थांबवलं आणि तेच सांगितलं. गाडी कधी बिघडली नाही, मी खोटं बोललो, हे काम यांच्या हातचं आहे. पहिल्या माणसाला सांगताना जीभ जड झाली. चौथ्यापर्यंत सवय झाली. एक जण चिडून न जेवताच गेला, त्याचं बरोबर होतं. बाकी बहुतेकांनी मला धुऊन काढलं.

"म्हणजे भाऊ, तुम्ही गाडीचं मेडिकल सर्टिफिकेट देऊन राह्यले होते."

"शाळेतल्या सरांचं पाहून शिकले असतीन."

काका तर प्रत्येक पंगतीत उभं राहून घाटाचा पंचनामा वाचत होते. काटा कुठं होता ते बोटानं हवेत दाखवत होते. जेवण झाल्यावर एक कंत्राटदार मिस्त्रींपाशी आला आणि विचारलं, सोमवारी गाडी आणू का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "आणा. पण गाडी थंडी आणजा."

ते जालन्याला गेले नाहीत.

लग्नानंतर महिन्याभरानं काका सकाळी आले. मुलाला मेहकरला जायचं होतं. मी म्हणालो, "गाडी एकदम चांगली आहे काका. पण मी देत नाही." ते ओट्यावर जरा उभे राहिले. "बरं," म्हणाले, आणि गेले. दुपारी त्यांच्या घरून कढी आली, नेहमीसारखी. एवढंच होतं ते. मी मग फाटकातच चावी फिरवली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी गाडी दोन मिनिटं चालू ठेवली आणि तेल बदलायला शेडवर गेलो.

रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या होत्या. मला वाटलं, माझं ओळखीनं होऊन जाईल. मिस्त्रींनी एका बॉनेटखालून डोकं काढलं.

"नंबर लावा भाऊ. तुमचीले काय झालं? ती तं बंदच पडत नाही."

मी जुन्या टायरवर बसलो. माझ्यापुढं पाच गाड्या होत्या. मी त्या पुन्हा एकदा मोजल्या, पाचच होत्या, आणि मागून सहावी हॉर्न देत येत होती.